डांबराचा चहा

लग्नाला गेल्यावर माणसं आधी जेवणाकडे बघतात. आमचे भानुदास सर मांडवामागच्या उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाकडे बघतात. "यात गॅस हाय," म्हणतात आणि पोतं शोधायला लागतात. माझ्या भाचीच्या लग्नात व्याह्यांनी मला हळूच विचारलं, हे तुमच्यातले कोण? शेजारी, म्हटलं. काय करता, अंबडात घर घेताना शेजार कुठं बघून घेतला होता!

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले आणि आमच्या दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत त्यांनी एक लोखंडी पिंप उभं केलं. त्यात कापसाची वाळकी पऱ्हाटी, भुईमुगाची टरफलं, मोसंबीच्या वाळक्या साली, काय वाट्टेल ते पडतं. हवा बेतानं सोडायची, म्हणजे ते धड जळत नाही, तापून त्याचा गॅस होतो आणि नळीनं शेगडीला येतो. इथपर्यंत सगळं बराबर. पण गॅसबरोबर डांबरही येतं, आणि त्याचा वास माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना लागतो. मी भांडायला गेले की सर उत्प्रेरक समजावत बसतात. गॅस तापलेल्या उत्प्रेरकातून गेला की डांबर फुटतं, त्याचाही गॅस होतो, उत्प्रेरक मात्र होता तसाच राहतो. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच शिकवणी घेईन.

उत्प्रेरक म्हणून सरांनी विटांचा चुरा घालून पाहिला, जालन्याहून लोखंडाचा कीस आणून पाहिला. प्रत्येक प्रयोगानंतर त्या शेगडीवर चहा व्हायचा. गल्लीतली माणसं कामं आठवून पळायची. पहिला कप ठरलेला, सिंधूकाकूंचा.

या सरांच्या मिसेस. काय नाक होतं बाईचं! माझी फोडणी करपायच्या आधी त्यांची खिडकीतून हाक यायची. करोनात ताप आला आणि वास गेला, तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी, वाट बघा. काकूंनी मोगऱ्याचा गजरा करणं सोडलं. स्वयंपाक अंदाजानं करायच्या आणि जेवताना गप्प असायच्या. फार वाईट वाटायचं बघून.

सर मात्र कप हातात देऊन दर वेळी विचारायचे, "वास येतो का गं?" काकू म्हणायच्या, "न्हाई." मला रागच यायचा. जिला वास येत नाही तिच्याकडून काय शाबासकी घ्यायची?

शेवटी जमलं ते रांगोळीच्या दगडावर. दारात रांगोळीवाली आली होती, तिच्याकडून सरांनी न दळलेले खडे मागवले, भाजले आणि नळीत भरले. त्या दिवशी ज्योत निळीशार झाली. सरांनी सगळी गल्ली गोळा केली. मी भीत भीत घोट घेतला. डांबराचं नाव नाही, साधा आल्याचा चहा! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूंनी कप ओठाला लावला, थांबवला, पुन्हा नाकाशी नेला.

"जरासा डांबराचा वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

मला सरांची कीव आली, एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणून. सरांनी ट्रे खाली ठेवला.

"कसला म्हणलीस?"

"डांबराचा. घाण हाय."

सर आमच्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागले, रडता रडता हसायला लागले, आणि म्हणाले, "मंग आणखी एक घोट घे."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीभर पुन्हा डांबर. माझ्या धुतलेल्या साड्या दोरीवर! मी तणतणत गेले. सरांनी नळीतले रांगोळीचे खडे काढून बाजूला ठेवले होते. पिवळ्या, काजळत्या ज्योतीवर आधण होतं. शेजारी खुर्चीत काकू पदर नाकाला लावून हसत होत्या, बंद करा हो म्हणत होत्या. सर म्हणत होते, थांब, थोडं आणखी.

मी आल्या पावली परत आले. साड्या तिथंच वाळू दिल्या.