नरहरशास्त्री यांचे काढ्याची परीक्षा

श्रीगजाननास नमून, धन्वंतरीस स्मरून, ऐकिलें तैसें लिहिलें असे. शके सोळाशें बावन्न, साधारणनाम संवत्सर, पौषमासीं गडावर पडसें फैलावलें आणि राजवैद्य नरहरशास्त्री यांणीं अडुळसा, तुळस, सुंठ यांचा वडिलोपार्जित काढा आजाऱ्यांस पाजिला. सातवे दिवशीं माणसें बरीं जाहलीं. महाराज बहुत संतोषले, शास्त्रीबोवांस पालखीचा मान देऊं केला आणि हुकूम केला कीं, काढा न घेईल त्याणें चाकरी सोडून गड उतरावा. मग दरवाजावरील म्हातारा पाहरेकरी सटवोजी यास काढा सांडिला म्हणोन धरून आणिलें. महाराज पुसते जाहले, "कां सांडिलास?" तो बोलिला, "महाराज, लई कडू. न पितांच सातवे दिवशीं बरा जाहलों." सभा हांसली. शास्त्रीबोवा हांसले नाहींत. जे न प्याले त्यांस आपण कधीं पुसलेंच नाहीं, हें त्यांचे मनांत रुतलें.

मग त्यांणीं महिन्याची मुदत मागितली आणि नवे आजारी साठ, त्यांचे नांवें चिठ्या टाकून तिसांस काढा, तिसांस नुसतें ऊन पाणी दिधलें. भगिनी उमाबाई लिहिणाऱ्या. कोण काय प्याला हें त्यांस न कळूं देतां नित्य विचारपूस करविली. सरतेशेवटीं चिठ्या उघडून टांचणाशीं ताडिल्या, तेव्हां उमाबाई बोलिल्या, "दादा, काढेवाल्यांचा घसा लवकर निवला. पडसें मात्र दोहींकडे सातवे दिवशींच गेलें."

"मग काढ्यानें पडसें जातें हें आपले बाबा खोटें सांगत होते?"

"खोटें नव्हे. त्यांणीं ताडून पाहिलें नाहीं, इतकेंच."

शास्त्रीबोवा दोन दिवस जेवले नाहींत. तिसरे दिवशीं दरबारीं जाऊन बोलिले, "महाराज, काढ्यानें घशास आराम पडतोसा दिसतो. पडसें जातें ऐसें मज म्हणवत नाहीं. साठ माणसें थोडीं, अधिक पाहावें लागेल. पालखी नको, सटवोजीची चाकरी राखावी."

महाराज पुसते जाहले, "मग काढा बंद करावा?"

"नाहीं. रुचेल त्यानें प्यावा. परंतु धाप लागली, ज्वर उतरेना, तर काढ्यावर विसंबून बसूं नये."

महाराजांनीं हुकूम फिरविला, सटवोजी दरवाजावर गेला आणि शास्त्रीबोवा पायींच घरीं आले. ओटीवर शेजारीण खोकत बसली होती. तिणें पुसिलें, "बोवा, काढ्यानें बरें वाटेल ना?" जन्मभर ते "वाटेलच" म्हणत आले. त्या दिवशीं म्हणाले, "घसा निवेल, बाई. बाकीचें आपसूक जाईल, सात दिवस लागतील." आणि खल पुढें ओढून अडुळसा कुटावयास बसले.

एवंच, औषध राहिलें, सक्ती गेली. वडिलांचें वचन ताडून पाहणें शास्त्रीबोवांस बहुत जड गेलें, परंतु पाहिलें. लेखनसीमा.