वेणुका नामें तुडतुड्याची बखर

श्री. सहा पायांचे सकळ परिवारास नमस्कार करून लिहिलें ऐसें जे, शके सोळाशें ब्याऐंशीं, भाद्रपदमासीं, भात पोटरीस आलें असतां, सरकारचे कीटकखान्याचे मुख्य नागोपंत यांसी रोपाचे बुडाशीं आंखूड पंखांचा, गोल पोटाचा तुडतुडा दृष्टीस पडला. पंतांनीं भिंग लाविलें, आणि जुन्या नमुन्यांशीं ताडून पाहिलें, आणि मग "जातच नवी!" म्हणोन बांधावर ऐसी उडी मारिली कीं तुडतुड्यानें लाजावें. कीटकखान्याचा दंडक ऐसा कीं, शोधणारानें नांव ठेवावें, परंतु आपलें नांव दफ्तरीं कोठेंही आणूं नये. पंतांनीं कुटुंबास, वेणूबाईंस, तुमचें नांव दफ्तरीं चढवीन ऐसें लग्नापासून वचन दिलें होतें, सबब 'वेणुका' ऐसें नांव चढविलें. बाई म्हणाल्या, "लोकांच्या बायकांच्या नांवें घाट बांधतात, माझ्या नांवें किडा! बरें, शुद्ध तरी लिहिलेंत ना?" तरी त्या तुडतुड्यासकट रोप लाविलेली कुंडी, वर मलमल बांधोन, त्यांनींच माजघरांत सांभाळिली. महाराज संतुष्ट होऊन दरबार नेमिते जाहले आणि हत्तीवरून साखर वांटावयाचा हुकूम झाला.

मग दरबारचे सकाळीं पंतांनीं मलमल उचलिली, तों आंत दाटी होऊन रोप वाळलेलें, आणि आंखूड पंखांचे आईचीं पोरें लांब पंखांचीं निघालेलीं, हुबेहूब रोजचा तपकिरी तुडतुडा! गर्दी झाली, अन्न सरलें, कीं उडोन जावयास लांब पंख फुटतात, जात एकच, हें ध्यानीं येऊन पंतांचे पायांखालची जमीन सरकली. चिरडावीं म्हणोन हात उचलिला, तो बाईंनीं धरिला. "माझ्या नांवाचीं लेंकरें आहेत, मारायचीं नाहींत. आणि खोट्या नांवाची साखर मला गोड लागायची नाहीं. जा, सांगून या." पंतांचे डोळे भरले, आणि तैसेच कुंडी घेऊन दरबारीं गेले आणि सर्व निवेदन केलें. महाराज पोट धरून हंसले, आणि साखर चालूंच ठेविली, कारण हत्ती निघोन गेला होता. पंत नांव खोडावें म्हणतां दफ्तरदार म्हणाले, "चढलेलें नांव खोडण्याची चाल नाहीं. तपकिरी तुडतुड्याचे जुन्या नांवाखालीं राहील. चुकीस मात्र धनी लिहावा लागतो." आणि लिहिलें: 'वेणुका, नागोपंतांची चूक.'

पंतांनीं घरीं येऊन खालमानेनें ओळ सांगितली. बाई हंसल्या. "अहो, जात खरी निघती तर तिथें मी एकटीच असतें."

तात्पर्य, शोध बुडाला, परंतु नवराबायको एके ओळींत राहिलीं. तुडतुडे भाताचा रस पीतच आहेत.