केकचे मानकरी

एल्डर स्टॉडर्डने शनिवारी सकाळपासून पोटात काहीही घातलं नव्हतं. उपवास वगैरे नव्हता. त्याला संध्याकाळी केक खायचा होता. मारिबेलच्या पंधराव्या वाढदिवसाच्या केकचा तो मानकरी होता, आणि मानकऱ्याला पहिला तुकडा मिळतो, तोही चांगला भलामोठा, अशी त्याने आपल्या मनाने समजूत करून घेतली होती.

अमेरिकेत, आयडाहोला बटाट्याच्या शेतावर वाढलेला हा पोरगा देवाचं वचन सांगायला कोचाबांबा शहराच्या टेकडीवर, आमच्या वस्तीत आला होता. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पाटी. त्यांच्या पंथात असल्या पोरांना 'एल्डर' म्हणजे वडीलधारे म्हणतात. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे वडीलधारे! पण पोरगा गुणी होता. भाषा त्याने झटक्यात उचलली, म्हाताऱ्यांच्या पाण्याच्या बादल्या न सांगता टेकडीवर चढवून दिल्या. खोड एकच. आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं, आणि एखादी गोष्ट कळली नाही तर विचारायची लाज वाटायची.

त्याचा जोडीदार एल्डर साल्सेदो पेरूचा होता. या पोरांनी कायम दोघादोघांनी राहायचं असा त्यांचा नियमच आहे. साल्सेदो त्याला येता-जाता टोमणे मारायचा, "अरे ग्रिंगो, तुला इथलं ओ की ठो कळत नाही." ग्रिंगो म्हणजे गोरा परदेशी. त्यामुळे फिलोमेनाबाई नवऱ्याला घेऊन त्यांच्या खोलीवर आली आणि नेमका साल्सेदो पोट बिघडून संडासात अडकलेला होता, तेव्हा स्टॉडर्डला बरंच वाटलं. म्हटलं, आज आपलं आपण निभावू.

फिलोमेना कोपऱ्यावर साल्तेन्या, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्या, तळून, छे, भाजून विकते. तळलेली म्हटलं तर ती झाऱ्याने मारेल. तिचा नवरा डॉन सिप्रियानो मिनीबस चालवतो. या सिप्रियानोच्या घरात पाऊल टाकायला दोन्ही एल्डर कित्येक महिने धडपडत होते. दार वाजवलं की तो आतूनच ओरडायचा, "देव घरी नाही, नंतर या!" तोच माणूस आज कोट घालून दारात उभा! हातात टोपली, टोपलीत पाव, केळी आणि लाल सरबताची मोठी बाटली. एरवी बियर असते, पण एल्डर पीत नाहीत हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

"एल्डरबाबा," फिलोमेना शाल सावरत म्हणाली, "आमच्या मारिबेलला पंधरा पूर्ण होतायत. तुम्ही केकचे मानकरी व्हाल का?"

"मी? अहो, आनंदाने!"

"विचार करून सांगा," सिप्रियानो म्हणाला. "लहानसहान गोष्ट नाही."

"त्यात विचार कसला? हे तर माझ्या आवडीचं काम!"

आता आमच्याकडे पोरीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात, आणि अशा समारंभाला एकट्या बापाचं कंबरडं मोडू देत नाहीत. कोणी अंगठीचा मानकरी होतो, कोणी बुटांचा, कोणी बँडचा, कोणी खुर्च्यांचा. पाद्रिनो म्हणतात त्यांना. ज्याचा जो मान, त्याने ती वस्तू आणायची. आणि पावाची टोपली हातात घेतली की शब्द दिला, मग माघार नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्टॉडर्डने टोपली घेतली, एवढंच नाही, तर पाहुणे जिना उतरायच्या आत त्याने केळं सोललंसुद्धा.

"कोण आलं होतं रे?" साल्सेदोने आतून विचारलं.

"कोणी नाही. केळी आलीयत." त्याला साल्सेदोला वाढदिवसाच्या दिवशीच चकित करायचं होतं.

पुढच्या आठवड्यात फिलोमेनाच्या हातगाडीपाशी त्याला मायलेकींनी गाठलं. साल्सेदो पलीकडे सायकलच्या पंक्चरशी झटत होता.

"एल्डरबाबा, किती मजली म्हणता?" फिलोमेनाने हळूच विचारलं.

"केक ना? चार मजली असला तर मजा येईल."

"चार! अहो, आम्ही आपले दोनच धरून चाललो होतो."

"दोन म्हणजे अगदीच कंजुषी!"

मारिबेलचे डोळे लकाकले. "आणि आत काय?"

"स्ट्रॉबेरी. तुला काय आवडतं?"

"मलाही स्ट्रॉबेरी! माझा झगा जांभळा आहे."

"मग केक जांभळाच हवा."

"आणि..." पोरगी आईकडे बघत, घाबरत घाबरत म्हणाली, "मधे कारंजं असतं, खरं पाणी उडणारं..."

"कारंजं तर पाहिजेच पाहिजे!"

फिलोमेनाला भरून आलं. तिने त्याच्या हातावर दोन साल्तेन्या ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. स्टॉडर्ड मनात म्हणाला, काय ही आपुलकी! पाहुण्याची आवडनिवड इतकी कोण विचारतं?

संध्याकाळपर्यंत टेकडीभर झालं की केक अमेरिकेतून येतोय. दुसऱ्या दिवशी तो विमानाने येऊ लागला. साल्सेदोने मात्र ती वस्तीची थापच समजून कानाआड केली. सिप्रियानो, जो गाडीत कोणाशी शब्द बोलायचा नाही, तो उतारूंना थांबवून थांबवून सांगू लागला. "चार मजली. कारंज्याचा. आपला ग्रिंगो मानकरी आहे ना!" खुर्च्यांच्या मानकऱ्याने ईर्षेने जास्तीच्या खुर्च्या मागवल्या. शुक्रवारी सिप्रियानोने गाडी थांबवून स्टॉडर्डला विचारलं, "उद्या मिनीबस पाठवू का? सीटा काढून ठेवतो."

"नको, नको," स्टॉडर्ड संकोचून म्हणाला. "मी आपला चालत येईन."

"चालत?" सिप्रियानो थक्क झाला. "जपून या म्हणजे झालं."

शनिवारी तीनला बोलावलं होतं, म्हणजे पाचला सुरू झालं. अंगणात मांडव, जांभळ्या फिती, बँड, आणि मधोमध पांढरा कपडा घातलेलं मोठं मोकळं टेबल. त्यावर सोनेरी पाटी: 'केकचे मानकरी, एल्डर स्टॉडर्ड'. मागे कारंज्यासाठी विजेची तारसुद्धा ओढून ठेवली होती. स्टॉडर्डने आपलं नाव वाचलं, खूश झाला, खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसला आणि काटा-चमचा जवळ घेतला.

सिप्रियानो घाईघाईने आला. त्याने एल्डरच्या मागे वाकून पाहिलं, फाटकाबाहेर पाहिलं. "मागून येतोय का?"

"कोण?"

"केक."

"येईल की!" स्टॉडर्ड त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "काळजी करू नका. मलाही कडकडून भूक लागलीय."

मग माइकवाल्याने एकेका मानकऱ्याचं नाव पुकारायला सुरुवात केली. अंगठीच्या मानकरणीने मारिबेलला अंगठी घातली. बुटांच्या मानकऱ्याने गुडघा टेकून बूट चढवले. प्रत्येकाच्या डोक्यावर लोक मूठमूठ रंगीत कागदी चुरा उधळत होते. स्टॉडर्डला अजूनही काही उमगलं नाही, कारण तो फाटकाकडे बघत होता.

"आणि आता, थेट अमेरिकेहून, केकचे मानकरी!"

टाळ्यांचा कडकडाट. स्टॉडर्ड उठला, हात हलवले, वाकून नमस्कार केला. डोक्यावर इतका चुरा पडला की केस दिसेनात. बँडने सूर धरला. सगळी माणसं मान वळवून फाटकाकडे बघू लागली, म्हणून तोही बघू लागला. बँडने तोच सूर पुन्हा धरला. फाटकातून एक कुत्रं आत आलं.

साल्सेदो खुर्च्या ओलांडत त्याच्या कानाशी पोचला. "ग्रिंगो, खरं सांग. ती केळी कुठल्या टोपलीतून आली होती?"

"पावाच्या. का?"

"देवा रे! अरे गाढवा, केक तू आणायचा असतो!"

स्टॉडर्डने मारिबेलकडे पाहिलं. जांभळ्या झग्यात ती टाचा उंचावून अजून फाटकाकडेच बघत होती, हसऱ्या चेहऱ्याने. त्याला चार मजले आठवले, कारंजं आठवलं, 'दोन म्हणजे कंजुषी' हे आपलंच बोलणं आठवलं, आणि कान तापून लाल झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. सिप्रियानो मात्र लोकांना सांगत होता, "चालत आणतोय ना, वेळ लागायचाच."

दोघं एल्डर फाटकातून धावत सुटले. लोकांना वाटलं, केक उतरवायला गेले असतील. टेकडीच्या पायथ्याशी आसुंताबाईची बेकरी, तिथे धापा टाकत पोचले.

"केक? आत्ता? शनिवारी संध्याकाळी?" आसुंताबाईने कमरेवर हात ठेवले. "केक काय नळाला येतो? एकच आहे. बाप्तिस्म्याचा. बाळाच्या नावावरून दोन्ही आज्यांची जुंपली, कोणी न्यायला आलं नाही."

केक निळा होता. एकमजली. वर साखरेचा पाळणा, पाळण्यात साखरेचं गुटगुटीत बाळ.

"पंधरा वर्षांच्या पोरीपुढे पाळणा ठेवणार?" साल्सेदो ओरडला. "उद्या वस्ती काय काय बोलेल!"

पाळणा काही केल्या निघेना. बाळ तेवढं निघालं. स्टॉडर्डने ते घाईने शर्टाच्या खिशात टाकलं. साल्सेदोने दोघांच्या महिनाभराच्या जेवणाचे पैसे गल्ल्यावर ठेवले, आणि केक डोक्याशी धरून दोघं टेकडी चढू लागले. वाटेत पोरं, कुत्री, धूळ, आणि दारादारातून लोक: "आला, आला! अय्या, एवढाच?"

मांडवात शिरताच बँड थांबला. मोठ्या पांढऱ्या टेबलावर तो निळा केक ठेवला तेव्हा एखाद्याने चुकून बशी विसरावी तसा दिसत होता. रिकामा पाळणा आणि मागे लोंबणारी विजेची तार. मारिबेलचा चेहरा पडला. फिलोमेनाने शालीने तोंड झाकलं. खुर्च्यांचा मानकरी मोठ्याने म्हणाला, "विमान लहान होतं वाटतं!"

सिप्रियानो मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला. ते मात्र स्टॉडर्डला सोसवेना. त्याने माइक हातात घेतला. केसातून कागदाचा चुरा गळत होता.

"यात यांची काही चूक नाही," तो म्हणाला. "यांनी मला मान दिला. मला वाटलं, केकच्या मानकऱ्याने केक खायचा असतो. म्हणून मी सकाळपासून जेवलो नाही. मला विचारायची लाज वाटली, आणि आता त्याहून जास्त लाज वाटतेय. मारिबेल, मला माफ कर."

 मग मारिबेलच्याच नाकातून फुर्रकन आवाज आला. ती हसू दाबत होती. "म्हणजे... कारंजंसुद्धा... तुम्हाला खायला हवं होतं?" आणि ती जी फुटली, की सगळा मांडव फुटला. सिप्रियानो तर टेबलाला धरून हसला. डोळे पुसत तो स्टॉडर्डपाशी आला.

"अरे बाबा, माणूस मेल्यावर कुठे जातो ते तुम्ही लोक मला महिनोन्महिने दाराबाहेरून सांगताय. आणि तुला हे ठाऊक नाही?" त्याने त्याला कडकडून मिठी मारली. "जाऊ दे, कोम्पाद्रे!"

मानकऱ्याला पोरीचा बाप कोम्पाद्रे म्हणतो. ते नातं मरेपर्यंत सुटत नाही.

केक कापून वाटायचं कामही मानकऱ्याचंच. स्टॉडर्डने सगळ्यांना नखाएवढे तुकडे पोचवले. त्याच्या वाटणीला ताट चाटायलाही उरलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर त्याने साल्सेदोला सांगितलं, "यापुढे कोणाचीही टोपली घेणार नाही. मेलो तरी नाही."

गुरुवारी दारावर थाप पडली. स्टॉडर्डने फटीतून पाहिलं. डॉन सिप्रियानो, अंगात कोट, हातात टोपली. पाव, केळी, लाल सरबत. पोरगा पांढराफटक पडला. "नाही! मी कशाचाच मानकरी नाही! खुर्च्यांचाही नाही!" असं ओरडून तो संडासात शिरला आणि आतून कडी घातली.

साल्सेदोने दार उघडलं. सिप्रियानो टोपली धरून तसाच उभा.

"याला काय झालं?"

"पोट," साल्सेदो म्हणाला.

टोपली साल्सेदोच्या हातात देऊन सिप्रियानो संडासाच्या दाराशी गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "कोम्पाद्रे, ऐका. भरल्या मांडवात 'माझं चुकलं' म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मी तर कधीच म्हटलेलं नाही, फिलोमेनाला विचारा. म्हटलं, याचा देव बघायला हवा. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं बाप्तिस्मा घेतोय. तुमच्यात माणसाला अख्खं पाण्यात बुडवतात ना, मला तुम्हीच बुडवायचं."

 साल्सेदोच्या हातातली टोपली पडता पडता राहिली.

"आणि घाबरू नका," सिप्रियानो पुढे म्हणाला. "तुम्हाला काही आणायचं नाही. पाण्याचा टँकर मी सांगितलाय. जेवण फिलोमेनाचं. केकही आसुंताबाईकडे सांगून आलो, तोच, निळा, पाळण्यासकट. बाप्तिस्म्याचाच आहे ना तो! फक्त ती म्हणते, बाळ पुन्हा करत बसणार नाही, आधीचंच बसवा. तुमच्या खिशात आहे म्हणे. तेवढं बाळ जपून ठेवलंयत ना?"

हळूच कडी निघाली. एल्डर स्टॉडर्ड बाहेर आला. केसात अजून कागदाचा एक जांभळा तुकडा होता, आणि कान पुन्हा तसेच लाल झाले होते.

"डॉन सिप्रियानो," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझं चुकलं. बाळ मी टेकडी चढतानाच खाल्लं."