पाण्यात हिल्मा किती टिकेल

पलीकडच्या माणसाला नीट ऐकू येत नाहीये अशी शंका आली, की इव्हर सोलबर्ग फोनवर उभा राहून बोलायचा. त्या मंगळवारी सरोवरकाठच्या डुलुथमधल्या लोइसच्या बेकरीत तो असाच उभा राहिला.

"हिल्मा ना? नाही हो साहेब, हिल्मा फार दिवस काढत नाही. अर्धी तर पंधरवड्यातच संपेल."

गल्ल्यावर लोइस वेलदोड्याचे पाव टोपलीत रचत होती. तिचा हात थांबला.

"पाण्यापुढे टिकावच नाही तिचा," इव्हर पुढे म्हणाला. "आतनं कच्ची आहे. नाही, काही करता येण्यासारखं नाही. कळवून टाकू."

कारखान्यांत तयार होणारी नवी रसायनं पाण्यात गेली तर किती दिवस टिकतील, याचा अंदाज संगणकावर बांधणं हे इव्हरचं सरकारी काम. रेणूची रचना मॉडेलला द्यायची. त्यातला कुठला सांधा पाण्याने तुटेल आणि किती लवकर, ते मॉडेल सांगायचं. मालाचं खरं नाव फुटलेलं कंपन्यांना चालत नसे. म्हणून ऑफिसात रसायनांना वादळांसारखी बायकांची नावं देत, आणि त्याबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, असं इव्हरने सहीनिशी कबूल केलं होतं. त्या आठवड्यात ऑफिसला ऊब देणारी भट्टी बंद पडली होती, म्हणून जो तो ऊब मिळेल तिथे बसून काम करत होता. आणि नावांच्या यादीत पाळी आली होती 'हिल्मा'ची.

गावात हिल्मा एकच. हिल्मा राउतिओ, इव्हरची घरमालकीण. ती खाली राहायची, तो वर. शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली होती, आणि निम्मं गाव तिच्या ओरडण्यात लहानाचं मोठं झालं होतं.

संध्याकाळी इव्हर घरी आला तेव्हा हिल्मा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"इव्हर, माझ्या पायरीवर ही पाच भांडी कुणी ठेवली?"

त्याने एकेका भांड्यावरचा कागद उचलला. पाचहीमध्ये हॉटडिश, खाली खिमा, वर बटाट्याच्या गोळ्यांची रांग. त्या गावात एवढी हॉटडिश एकदम एकाच प्रसंगी येते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कोण गेलं?" हिल्माने विचारलं.

इव्हरला तेव्हा बेकरीतला फोन आठवला.

दुसऱ्या दिवशी तो आधी लोइसकडे धावला. "लोइस, तुझा गैरसमज झालाय. मी आपल्या हिल्माबाईंबद्दल बोलत नव्हतो."

"मग कुठल्या?"

इव्हरला आपली सही आठवली. "ते मला सांगता यायचं नाही."

लोइसने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि त्याचा हात हातात घेतला. "तिने शपथ घातली असेल. मी समजू शकते. छातीत पाणी झालंय ना? माझ्या दिराचंही तसंच होतं."

त्याने साहेबांना फोन लावला, या खेपेला बेकरीबाहेर बर्फात उभं राहून. एवढी एक गोष्ट बोलायची परवानगी द्या म्हणाला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुपित ते गुपित, सोलबर्ग. आणि काय रे, हिल्माचा अंदाज तू कुठल्या पाण्याला धरलायस?"

"मॉडेल नेहमी धरतं त्याच. खोलीतल्या उबेच्या."

"आपलं सरोवर कधी खोलीइतकं उबदार झालेलं पाहिलंयस?"

इव्हर ओशाळला. गार पाण्याला धरून त्याने हिशेब पुन्हा केला. गारठ्यात तो सांधा इतका सावकाश तुटत होता की हिल्मा महिनोन्महिने टिकणार होती. म्हणजे आता खोटं न बोलता, गुपितही न फोडता सांगण्यासारखं काहीतरी हाताशी आलं. तो पुन्हा बेकरीत शिरला.

"लोइस, माझाच अंदाज चुकला होता. हिल्मा चांगली टिकणार आहे. विशेषतः थंडीत."

लोइसचे डोळे भरून आले. तिने पाद्रीबाईंना फोन करून सांगितलं, की बिचाऱ्या इव्हरचं मन हे स्वीकारतच नाहीये. संध्याकाळी वरच्या मजल्याच्या जिन्यावर एक हॉटडिश त्याच्या नावाचीही होती.

शुक्रवारपर्यंत चर्चच्या गायकांनी अंत्यविधीची गाणी निवडली होती आणि हिल्माच्या बसमध्ये एकेकाळी मार खाल्लेल्या दोन प्रौढ माणसांनी येऊन जुन्या खोड्यांबद्दल तिची क्षमा मागितली होती. शेवटी इव्हर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसला. "हिल्माबाई, हे सगळं माझ्यामुळे झालंय. मी फोनवर दुसऱ्याच एका हिल्माबद्दल बोलत होतो. कुठल्या ते विचारू नका. पण तुम्ही मरत नाही आहात."

"लोक काय समजतायत ते मला बुधवारीच कळलं," हिल्मा खिमा ताटात घेत म्हणाली. "कुठलं गाणं लावू, असं लोइसने मलाच विचारलं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

हिल्माने काटा खाली ठेवला. "बोलणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, आउनेला कळवलंय."

आउने म्हणजे तिची धाकटी बहीण. ती सीमेपलीकडे, थंडर बे या गावी राहायची. आई गेली तेव्हा हिल्मा बसवर असताना आउने आईचा विणायचा हातमाग न विचारता घेऊन गेली होती. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. बसमधली पोरं बाप झाली इतकी वर्षं.

"उद्या येतेय," हिल्मा म्हणाली. "तू गप्प बस म्हणजे झालं. तुला सवय आहे ना गप्प बसायची?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आउनेची गाडी आली, आणि मागच्या बाजूला दोरखंडाने बांधलेला माग. सामान उतरवायला इव्हर खाली गेला. आउने दोर सोडता सोडता हळूच म्हणाली, "काहीएक झालेलं नाही हिला."

इव्हर दुसरी गाठ सोडवायला लागला.

"मी कोपऱ्यावर वळले तेव्हा ही फावड्याने बर्फ उपसत होती. गाडी दिसली तसं फावडं टाकलं आणि छाती धरून पायरीवर बसली. लहानपणी शाळा बुडवायची असली की असंच करायची."

"मग... तुम्ही परत जाणार?"

"कशी जाणार? बहीण मरायला टेकलीय." तिने दोराची गुंडाळी त्याच्या हातात दिली. "तू तिला सांगू नकोस हं. तिला कळलं की मला कळलंय, तर लाजेल. आणि लाजली की भांडते."

दोघांनी माग उचलला. तो दारात आडवा अडकला. इव्हर मागून ढकलत होता, आउने वाकून मागाचा पाय मोकळा करत होती, पण माग हलेना. आत कोचावर हिल्मा पांघरूण घेऊन क्षीण चेहऱ्याने पडली होती. तिने दोन-तीनदा ते पाहिलं. मग तिला राहवेना.

"अगं, तिरका कर, तिरका. आई नेहमी तिरका काढायची," असं म्हणत ती उठली, पुढच्या आडव्या दांड्याला हात घातला आणि एका हिसक्यात माग आत घेतला.

तिघंही माग धरून तसेच उभे राहिले. हिल्माला आपलं दुखणं आठवलं. ती दोनदा खोकली.

"सावकाश गं," आउने म्हणाली आणि मागाला वळसा घालून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सावकाश. मी आहे आता."