सात गडांच्या पाण्याच्या परीक्षेची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, थोरांचे चरण वंदोन, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे पन्नास, कीलक नाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यात गडकरी लोकांस ज्वर येऊ लागला आणि माणसे मरो लागली. मग राजवैद्य नागेशभट यांणी विनंती केली की, "सात गडांपैकी कोण्या एकाचे टाके नासले आहे. लोक या गडाहून त्या गडास बदलीने जातात, म्हणोन ज्वर सर्वत्र दिसतो आणि टाके कोणते ते कळत नाही. प्रत्येक गडाचे पाणी आणवावे. माझी पूड टाकिता नासके पाणी काळे पडेल." महाराज संतोषले आणि दरबारी कारकून विसाजीपंत, मोठे आज्ञाधारक, यांस रुप्याचा गडू देऊन बोलिले, "गडोगडी जावे, या गडव्यात पाणी भरावे आणि आणून दाखवावे." पंतांची लेक गोदूबाई त्याच सातांतील काळकड्यावर दिली होती, म्हणोन पंतांचा जीव थाऱ्यावर नव्हता, तरी आज्ञा ती आज्ञा. पंतांनी पहिले गडी गडू भरला, मग दुसरे गडी ते पाणी ओतले, गडू विसळला आणि दुसरे भरले; ऐसे करीत सातही गड जाहाले आणि पंत घामाघूम होऊन दरबारी आले. वैद्यांनी पूड टाकिली, पाणी निर्मळ राहिले. "सातही गडांचे पाणी गोड!" ऐसे महाराज बोलिले आणि साखर वाटिली आणि नौबत वाजविली आणि गडांवर माणसे मरतच राहिली.

मग वैद्य पुसते जाहाले, "पंत, हे तो शेवटील गडाचे. बाकी सहांचे काय केलेत?"

"तेही याच गडव्यात भरिले होते," पंत बोलिले.

महाराजांनी तोड काढिली की, ओतू नये, सातांचे थोडे थोडे एकत्रच आणावे. तैसे आणिले आणि पूड पडताच पाणी काळे ठिक्कर जाहाले. परंतु कोण्या गडाचे? मुत्सद्दी बोलिले, सातही गड खाली करावे. सेनापती बोलिले, एकही करू नये. आणि महाराज भोजनास उठले. उठता उठता आज्ञा जाहाली की, पुनः पहिल्याप्रमाणेच करावे.

मग पंत फिरत काळकड्यास पोचले, तो गोदूबाई ज्वराने अंथरुणास खिळलेली. बाप गडू ओतितो ते तिने पाहिले.

"बाबा, हे काय ओतलेत?"

"मागल्या गडाचे. आता तुमचे भरितो."

"आणि पुढल्या गडी आमचे ओताल? मग आम्ही कशाने मेलो, ते तुम्हांस कळावे कैसे?"

पंतांस रडू कोसळले. आज्ञेत मडक्याचे नाव नव्हते आणि आज्ञाभंगास कडेलोट होता. तरी पंतांनी गडू पडशीत कोंबला, कुंभाराकडोन सात मडकी घेतली आणि पहिल्या गडापासोन फिरोन आरंभ केला. गड आला की नवे मडके भरावे, त्यावर गेरूने गडाचे नाव घालावे आणि आधील भरल्यांस हात लावू नये, ऐसे करीत सातही मडकी दरबारी मांडिली.

"आमचा गडू कोठे?" महाराज रागे भरले.

"पडशीत आहे, महाराज. त्यात एका वेळी एकाच गडाचे पाणी राहते."

तो वैद्यांनी पूड टाकिली. सहा मडकी निर्मळ आणि काळकड्याचे काळे! तेच दिवशी तो गड खाली केला आणि गोदूबाई डोलीत बसोन माहेरी आली. मग मडक्यांची युक्ती महाराजांसच स्वप्नात सुचली, ऐसे दरबारी ठरले. "ऐसेच ना, पंत?" महाराजांनी पुसले. "ऐसेच," पंत बोलिले आणि लगबगीने घरास गेले, कारण लेक मऊ भात मागो लागली होती.

येणेप्रमाणे परीक्षा जाहाली, एक गड ओस पडला, माणसे वाचली आणि महाराजांचे यश थोर जाहाले.