शाळा येऊन राह्यली!

आमच्या गावात पोरगं शाळेत गेलं नाही तर शाळा त्याच्या घरी जाते. ही घोषणा नाही. घोषणा मी लिहितो, त्यामुळे फरक मला कळतो. मिशनच्या प्राथमिक शाळेतल्या रूथ टीचर हे खरोखर करतात. तिसरीच्या वर्गात एक जागा रिकामी दिसली की छत्री बगलेत, पितळी घंटा हातात आणि मागे सगळा वर्ग ओळीनं रस्त्यावर. म्हशी थांबतात, आदिलाबादची बस थांबते. टीचर ओरडतात, "सरका, शाळा येऊन राह्यली!"

मग त्या पोराच्या दारात सकाळची प्रार्थना होते. टीचर गातात मनापासून, पण सुराशी त्यांचं जुनं वैर. दुसऱ्या कडव्याला पोरगं दप्तर घेऊन बाहेर येतं. बहुतेक वेळा आईच ढकलते.

हेडमास्तर वैतागतात. "टीचर, तपासणीला साहेब आले अन् वर्ग रिकामा दिसला तर?"

"रिकामा कसा? पत्ता बदलला म्हनून सांगा."

मागच्या कापूस वेचणीत सोमवारी पायलची जागा रिकामी दिसली. मंगळवारी वर्ग तिच्या घरी गेला, तर दाराला कुलूप. आई बाळंतपणाला माहेरी, आणि बाप, किसनभाऊ, पोरीला घेऊन वेचणीला. एकदा वेचणीला गेलेली पोरगी परत वर्गात दिसत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. कापसाचा भाव रोज विचारतात. वेचणाऱ्या बोटांचं वय विचारायला कोणाची जीभ उचलत नाही! आमच्या युवक संघटनेचं पत्रक घेऊन मी किसनभाऊंकडे गेलो. त्यांनी ते नीट घडी करून त्यात तंबाखू बांधली.

बुधवारी टीचरनी वर्ग शेताच्या बांधावर भरवला. मीही गेलो.

"टीचर, काऊन तमाशा करून राह्यल्या?" किसनभाऊ कपाशीतून ओरडले.

"तमाशा कुठं भाऊ? शाळा हाय. तुमी तुमचं वेचा." आणि वर्गाकडे वळून, "सांगा, सात आठे?"

वर्ग बोटं मोजत बसला. कपाशीच्या ओळींमधून आवाज आला, "छप्पन्न!"

किसनभाऊंचा हात बोंडावरच थांबला. "कोन बोललं?"

"तुमची पोरगी," टीचर म्हणाल्या. "नऊ साते?"

"त्रेसष्ट!"

किसनभाऊंनी वळून पोरीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "हुशार हाय, मालूम हाय मले. पन टीचर, हात कमी पडून राह्यले. मालक काय माझी वाट पाहीन?"

टीचरनी चष्मा सारखा केला आणि छत्रीचं टोक माझ्याकडे रोखलं. "हे आपले पुढारी. पत्रकं वाटून यांचे हात मोकळे झाले. उद्यापासून हे वेचतीन. नाहीतर मी इथं रोज वर्ग भरवीन. रविवारी चर्च झाल्यावर बी."

"गानं बी होईन?"

"दोन होतीन."

"नोको टीचर! पाठवतो पोरीले."

गुरुवारी पायल वर्गात होती आणि संघटनेचे आम्ही तिघं कपाशीत. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. किसनभाऊ मागून शिकवत होते, "पुढारी, किडकी कवडी नका आनू, साफ वेचा!" बालमजुरीवर मी पुष्कळ लिहिलंय, पण कपाशीच्या त्या ओळी संध्याकाळपर्यंत संपवताना जे कळलं ते एकाही पत्रकात नव्हतं. आमच्या गावाला अशी टीचर आहे, हे मी आता कुठल्याही व्यासपीठावरून छाती काढून सांगतो.

शनिवारी टीचरच आल्या नाहीत. ताप. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हेडमास्तरांनी वर्गाला सुट्टी दिली, पण पायलनं टेबलावरची घंटा उचलली. शाळेच्या फाटकापाशी शेताकडे निघालेला मी दिसताच म्हणाली, "दादा, बाजूले व्हा. शाळा येऊन राह्यली."

मीही ओळीच्या शेवटी लागलो. चर्चमागच्या एका खोलीत टीचर एकट्या राहतात. दारात प्रार्थना सुरू झाली, टीचरपेक्षा बऱ्या सुरात. दार उघडलं. शाल गुंडाळलेल्या टीचर म्हणाल्या, "लाइन सरळ करा!" मग दार सताड उघडून बाजूला झाल्या.

आत एक खाट, एक खुर्ची, एक ताट. आणि कोपऱ्यात गुंडाळलेली भली मोठी सतरंजी, दुकानातली सुतळीसुद्धा न सोडलेली.

"टीचर, एवढी मोठी?" पायलनं विचारलं. "तुमी तर एकट्याच हाय."

"तुमच्यासाठीच घेतली होती, बाई. लई वर्सं झाली." टीचर खाटेवर टेकल्या. "मनलं, एखाद्या दिवशी मी नाही गेली तर वर्ग घरी येईन. पन सुट्टी घ्यायची हिंमतच नाही झाली. मनलं, कोनी नाहीच आलं तर?"

पायल खाली बसली आणि दातांनी सुतळीची गाठ सोडू लागली.