तीन सह्यांचं साम्राज्य

तिजारे काका व्हिडिओ गेम खेळतात, आणि प्रत्येक चालीआधी नोटशीट लिहितात.

थट्टा करत नाही. हत्तींची एक पलटण नदीच्या अलीकडून पलीकडे न्यायची असली, तरी काका हिरवट कागद पुढे ओढतात, डावीकडे समास सोडतात आणि लिहितात, "विषय : हत्तीदलाची पूर्वेकडे रवानगी. आदेशार्थ सादर." खाली सही. ही कारकुनाची. मग पलंगावरून उठून लाकडी खुर्चीत बसतात, चष्मा बदलतात, तोच कागद नव्यानं वाचतात आणि निळ्या शाईनं दुसरी सही ठोकतात. ही सेक्शन ऑफिसरची. शेवटी खिडकीजवळच्या, पाठीवर टॉवेल टाकलेल्या खुर्चीत बसून हिरव्या पेनानं तिसरी. ही सचिवांची. तिन्ही झाल्या की कागदावर "निष्पादित", म्हणजे काम झालं, असा शिक्का मारायचा, फाइलला लाल फीत बांधायची, आणि मग कंट्रोलर उचलून एक बटण दाबायचं. तेव्हा कुठे हत्ती नदीत उतरतात.

कधी उतरतही नाहीत. एकदा मी चहा घेऊन वर गेले तर काका पलंगावर तोंड पाडून बसलेले.

"फाइल वापस आली वं," म्हणाले. "साहेबाले पटत नाही."

मी टॉवेलच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात कोणी नव्हतं.

मी सुनंदा. रायपुरातल्या तात्यापाऱ्यात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर काका एकटे राहतात. दुपारी तीनचा चहा मी वर नेते, कारण काकांच्या हातचा चहा पिण्यालायक नसतो. त्या निमित्तानं गेली दोन वर्षं मी हे राज्य पाहते आहे. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता इतकं कळतं की रात्री स्वप्नात बैलगाड्या येतात.

काकांची सगळी नोकरी सरकारी. नवा रायपुर उभं राहत होतं तेव्हा तिथल्या रस्त्यांच्या फायली त्यांच्या टेबलावरून जायच्या. हे एवढाले रुंद रस्ते, आणि त्यावर एखादी गाडी. पण रस्ता झाला ना, मग काकांच्या मते काम झालं. "पयले रस्ता, मंग मानूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेममध्येही तेच. त्यांच्या नारिंगी राज्यात गावं सहा, आणि रस्ते मोजता येत नाहीत. प्रजा धान्य मागते, बाजार मागते, पडद्यावर रागावलेले चेहरे दाखवते. काका म्हणतात, "मागणी नोंदवून घेतली." एकदा लुटारूंनी त्यांचं आरंग नावाचं गाव जाळलं, कारण तटबंदीची फाइल सेक्शन ऑफिसरकडे अडली होती.

"अहो, सेक्शन ऑफिसर तुम्हीच ना?" मी चिडून म्हटलं.

"म्हणून काय त्यानं नियम सोडावा?" काका म्हणाले, आणि जळालेल्या गावाच्या चौकशीचा कागद काढला.

त्यांचं दुसरं आवडतं अस्त्र म्हणजे "चर्चा करें". ज्या कागदावर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, त्यावर सचिव हिरव्या पेनानं हे दोन शब्द लिहितात. ऑफिसात असताना काकांच्या फायलींवर वरचे साहेब हेच लिहायचे. मी एकदा विचारलं, "मग चर्चा व्हायची का?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपबशा उचलून खाली आले.

आता हसणं पुरे. त्या नकाशावर एक दुसरं राज्य आहे, जांभळं. ते पल्लवीचं.

पल्लवी काकांची एकुलती एक पोट्टी. काकू गेल्या तेव्हा दहावीत होती. तिच्या शाळेच्या स्कर्टची शिवण दरवर्षी मीच उसवून लांब केली. हुशार पोरगी, परीक्षा देऊन नव्या रायपुरात मंत्रालयात लागली, तेव्हा काकांनी साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. दीड वर्षानं तिनं राजीनामा दिला आणि पुण्याला निघाली. गेमसाठी चित्रं काढायला.

त्या दिवशी मी खाली मशीन थांबवून ऐकत होते. खोटं कशाला बोलू.

"सरकारी नोकरी सोडून कार्टून काढाले चालली?" काका ओरडत होते.

"बाबा, वहाँ मेरा दम घुटता है."

"मराठीत बोल."

ती मराठीत काही बोलली नाही. बॅग घेऊन जिना उतरली. वरून काकांचा आवाज आला, "मंग फोनही नको करजो."

पोरगी शेवटी त्यांचीच. आदेश आला, तिनं पाळला. दोन वर्षं फोन नाही. काकांनीही केला नाही, कारण त्यांच्या मते आदेश काढणाऱ्यानंच तो मोडणं नियमात बसत नाही.

जाताना तिचा गेमचा डबा जड म्हणून इथेच राहिला. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी भुकटी त्यावर बसू नये म्हणून काकांनी त्याला काकूंच्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला. मग एक दिवस, कोणाला देऊन टाकण्याआधी चालतो का पाहावं म्हणून तो सुरू केला. पडद्यावर पल्लवीचा एक डाव अर्धा मांडलेला होता, दुसऱ्या खेळाडूची जागा रिकामी. काकांनी काहीतरी दाबलं आणि त्या जागेवर बसले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर जांभळ्या राज्यानं, तिकडे पुण्याहून इंटरनेटवरून, आपली चाल खेळून ठेवलेली.

तेव्हापासून रोज एक चाल त्यांची, एक तिची. बोलणं शून्य. खेळाचा नियम एकच : ज्याची टर्न असेल त्यानं एका दिवसाच्या आत खेळायचं. नाही खेळला तर त्याच्या जागेवर यंत्र बसतं आणि डाव कायमचा संपतो. काकांनी हा नियम डिक्शनरी घेऊन वाचला आणि फायलीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. एकही दिवस चुकवला नाही. ताप असताना कानटोपी घालून तिन्ही खुर्च्यांत बसले.

लढाई मात्र कधी केली नाही. उलट पल्लवीच्या राजधानीच्या दिशेनं एक रस्ता काढला, दोन्ही बाजूंनी झाडं लावून. झाडांनी चाली वाया जातात, मला सुद्धा कळत होतं. "सावली पायजे," काका म्हणाले. काही महिने तो रस्ता चालला. ज्या दिवशी तिच्या हद्दीला टेकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी जांभळ्या राज्यानं तिथे भिंत बांधली. काकांनी नोटशीट लिहिली, "भिंतीबाबत आक्षेप नाही." तिन्ही सह्या केल्या. चहा तसाच राहिला.

आता त्या गुरुवारचं सांगते. पल्लवीची चाल नुकतीच आली होती. काकांनी धान्याच्या एका गाडीची नोटशीट लिहिली, तिन्ही सह्या झाल्या, शिक्का मारला, फीत बांधली. मी कप पुढे केला आणि लाइट गेली. तात्यापाऱ्यात लाइट जाण्याचं कोणाला काही नाही. आम्ही खिडकीत बसून चहा प्यालो, मी खाली आले, तासाभरानं लाइट आली.

शुक्रवारी सकाळी दहाला काका स्वतः जिना उतरून दुकानात आले. ते कधी येत नाहीत.

"पल्लवीची टर्न नाही आली."

"येईल की."

"पाच तास उरले. पेंडिंग दाखवून राहिलं."

मी वर जाऊन पाहिलं. पडद्यावर दोन्ही झेंडे, खाली इंग्रजीत "टर्न पेंडिंग", आणि बाजूला उलट धावणारं घड्याळ. त्या पोरीची चाल इतकी उशिरा कधी आली नव्हती.

एका बाईच्या साडीचा फॉल अर्धा लावून मी बाराला परत वर गेले. मग एकला गेले. दोनला दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वरच बसले. काका पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर. मला नको नको ते सुचत होतं. पोरगी आजारी असेल, पडली असेल, गाडीनं ठोकलं असेल. काकांना एकच सुचत होतं.

"तिनं सोडलं," ते म्हणाले. "कंटाळली मायी पोट्टी. एवढाच धागा होता, तोही..."

 इतकी वर्षं शेजारी आहे मी, त्या माणसाचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"तिचा नंबर आहे माझ्याकडे. लावते."

"नाही. त्रयस्थ व्यक्तीले अधिकार नाही."

"मग तुम्ही लावा."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मिनिटं उरली होती. मग नोटशीट ओढली. मला वाटलं, डोकं फुटेल माझं. समास सोडला, लिहिलं, "पक्षकाराकडून टर्न अप्राप्त. दूरध्वनी करावा काय? आदेशार्थ सादर." कारकुनाची सही. उठले, लाकडी खुर्चीत बसले, चष्मा बदलला. सेक्शन ऑफिसरनं लिहिलं, "नियमात तरतूद नाही." सही. उठले, टॉवेलच्या खुर्चीत बसले. हिरवं पेन उघडलं आणि नुसतेच बसून राहिले. एकोणतीस मिनिटं. सव्वीस. पंचवीसला पेन टेकलं.

"चर्चा करें."

"कोणाशी?" मी ओरडलेच. "तिघंही तुम्हीच, काका. कोणाशी चर्चा करणार तुम्ही? या टॉवेलशी?"

काका कागदावरच्या त्या दोन शब्दांकडे पाहत राहिले. मग खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. काकांना कमी ऐकू येतं, त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मला बाहेर जायची गरज पडली नाही.

पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा? आप ठीक हैं ना?"

काकांनी घसा साफ केला. "विषय असा आहे, की तुही टर्न आली नाही."

"बाबा, टर्न आपकी है."

"मायी झाली. सह्या हायेत. शिक्का हाय."

"नहीं हुई, बाबा. कल से आपकी ही है. मैं कल से देख रही हूँ. आज छुट्टी लेकर बैठी हूँ घर पे. मुझे लगा आपको कुछ..." तिचा आवाज फुटला. "आपने फोन करने को मना किया था ना. तो तीन बजने की राह देख रही थी, फिर सुनंदा काकू को लगाती."

काकांनी लाल फीत बांधलेल्या फायलीकडे पाहिलं. मी कंट्रोलरकडे पाहिलं. तो रुमालावर काल ठेवला तसाच होता. शिक्का मारला आणि लाइट गेली, बटण दाबायचं राहूनच गेलं. शिक्का बसलेली फाइल काका पुन्हा उघडत नाहीत, आणि पेंडिंग म्हणजे काम दुसऱ्याच्या टेबलावर आहे, असंच ते आयुष्यभर समजत आले. मी समोर बसून होते, माझ्याही डोक्यात आलं नाही.

"बारा मिनिटं उरली," मी म्हटलं. "काका, दाबा आधी."

पण काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"एक सांग," ते म्हणाले. "भिंत काहून बांधली तूनं?"

"रोड देखा तो लगा, आपकी फौज आएगी."

"फौज कायची वं? झाडं लावून कोणी फौज आणते काय?" काका थांबले. "तुह्यासाठी केला. येशीन म्हणून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काका आता तिला मराठीत बोल म्हणाले नाहीत. माझे डोळे भरले होते आणि घड्याळ नीट दिसत नव्हतं, याचाच मला राग येत होता.

"काका, चार मिनिटं."

"तू दाब."

त्यांच्या कंट्रोलरला आजवर कोणी हात लावलेला नाही. "मी त्रयस्थ आहे ना?" मी म्हटलं.

"दाब वं," ते म्हणाले, आणि फोनमध्ये पुन्हा, "जेवली काय तू?"

मी दाबलं. धान्याची गाडी झाडांच्या रस्त्यावरून हलली. घड्याळ पुसलं गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून चालू झालं, जांभळ्या झेंड्याखाली. मी कप न धुताच खाली आले.

दुसऱ्या दिवशी चहा नेला तेव्हा काका फोनवर होते, हातानंच मला बस म्हणाले. फाइल उघडी होती, मी वाचली. "चर्चा करें"च्या खाली हिरव्या शाईत लिहिलेलं, "चर्चा झाली." त्याखाली कारकुनाचं अक्षर, "दररोज करावी काय? आदेशार्थ सादर." आणि त्याखाली लगेच सचिवांचं "मान्य", सहीसकट. मधल्या सेक्शन ऑफिसरला कोणी विचारलंच नव्हतं.